डिकी निरीक्षणाखाली आहे

३ मार्च, सोमवार. सकाळी ७.१०

आजपासून रोजनिशी. कारण: डिकीचं लॉक.

शनिवारपासून ट्राइकची डिकी उघडत नाही. किल्ली आत जाते, अर्धी फिरते, मग हटून बसते. ट्राइक म्हणजे माझी तीनचाकी मोटरसायकल. दुचाकीवरून दोनदा पडलो म्हणून ही घेतली असं लोक म्हणतात. मी पडलो नव्हतो, गाडी पडली होती. शेजारचे निवृत्त ड्रायव्हर तिला 'तिपाई' म्हणतात. मी लक्ष देत नाही.

डिकीत गाडीचं जाड कव्हर, रेनकोट आणि लॅबमधून आणलेलं बायकोच्या तपासणीचं पाकीट. लॅबवाला म्हणाला, रिपोर्ट आजच डॉक्टरांना दाखवा. हे म्हणताना माझ्याकडे न बघता त्याने भलत्याच कागदावर शिक्का मारला. पाकीट बंद होतं. मी उघडलं नाही. दुसऱ्याच्या नावाचं पाकीट उघडू नये, हे माझं तत्त्व. कव्हरावर कोंबलं, डिकी लावली, घरी आलो, बघतो तर जाम. खरोखर जाम. ही नोंद मुद्दाम करतो आहे.

ही म्हणाली, लॅबला फोन केला तर दुसरी प्रत देतील. मी समजावलं की मूळ कागद तो मूळ कागद.

संकल्प: आज वंगण, उद्या डिकी, परवा डॉक्टर. कारखान्याच्या मेंटेनन्स डिपार्टमेंटमध्ये एकतीस वर्षं काढली आहेत. तक्रारींचं रजिस्टर माझ्याकडे होतं. पाना कधी हातात धरावा लागला नाही, पण कुठल्या दुखण्याला कुठला पाना हे तोंडपाठ.

४ मार्च, मंगळवार

वंगण झालं. हिच्या शिवणाच्या मशीनचं तेल, अर्धी बाटली. पुरेना म्हणून वरून डोक्याला लावायचं. किल्ली आता सुळकन आत जाते. बाहेर येत नाही. वीस मिनिटं ओढल्यावर आली, मागोमाग काळा रस. पांढऱ्या रंगावर ओघळ.

हिने विचारलं, उघडली का. प्रगती आहे म्हणून सांगितलं. म्हणाली, माझं मशीन कोरडं पडलंय, गिऱ्हाइकाचा कोट अडकलाय. एका कोटाचं काय घेऊन बसायचं!

शेरा: निरीक्षणाखाली.

हा शेरा माझा स्वतःचा. कारखान्यात जी तक्रार सुटत नसे तिच्यापुढे मी लाल पेनने 'निरीक्षणाखाली' लिहायचो. मग कोणी विचारत नसे. साहेब म्हणायचे, तुमच्या रजिस्टरात एक तक्रार उघडी सापडत नाही. चार नंबरचा पंप नऊ वर्षं निरीक्षणाखाली होता. पुढे फुटला, पण ते मी निवृत्त झाल्यावर.

६ मार्च, गुरुवार

कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्याचा सल्ला घेतला. फक्त सल्ला. त्याने कपाळाला हात लावला. म्हणाला, लॉकमध्ये तेल कोण घालतं? तेलाला धूळ चिकटते, धुळीचा चिखल होतो. पेन्सिलीच्या शिशाची भुकटी घालायची, कोरडी. वर म्हणाला, गाडी घेऊन या, पाच मिनिटांत उघडून देतो. पाच मिनिटांत सगळं करणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. आभार मानून आलो.

संध्याकाळी डिकीची दुसरी किल्ली खिळ्यावर नव्हती. जेवताना बघितलं तर होती. चष्म्याचा नंबर वाढला असणार.

ही जेवली नाही. डोळे लाल. शिवणकाम जरा कमी कर म्हणून सांगितलं.

७ मार्च, शुक्रवार

सहा पेन्सिली तासल्या. शिसं कुटून भुकटी केली आणि किल्लीच्या भोकात फुंकरीने सोडली. आत मंगळवारचं तेल होतंच. दोन्ही मिळून काळी पेस्ट. बोटांना, शर्टाला, दाराच्या कडीला आणि गिऱ्हाइकाच्या कोटाला. कोटापर्यंत कशी पोचली, देव जाणे.

हिने कोट बघितला. एरवी घर डोक्यावर घेतलं असतं. कोट उलटा करून टाकीत भिजवला आणि नळ चालू ठेवून तिथेच उभी राहिली.

शेरा: निरीक्षणाखाली.

१० मार्च, सोमवार. दुपार

हिने डिकीबद्दल विचारणं सोडलं. तीन दिवसांत एक शब्द नाही. उशिरा का होईना, समजूत आली. मुळात घाई कशाची? ऑक्टोबरात हिने गाठीचं सांगितलं तेव्हाही मीच डोकं थंड ठेवलं होतं. म्हटलं, लगेच डॉक्टरकडे पळायचं नाही, निरीक्षणाखाली ठेवू. चांगले चार महिने ठेवली. मग मेहुणीने मध्ये तोंड घातलं आणि तपासण्यांचं लचांड मागे लागलं.

ही सध्या रोज मेहुणीकडे जाते. दोघी बहिणींना इतकं काय बोलायचं असतं!

संकल्प: बुधवारपर्यंत डिकी उघडणे. (बुधवार कुठला, ते लिहीत नाही. उगाच दडपण येतं.)

१३ मार्च, गुरुवार

घरात विचित्र प्रकार. सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या. मीठ, साखर, चहा. इतक्या वर्षांनी हिला मिठाचा डबा आठवेनासा झाला की काय? काळजी वाटली. विचारलं तर म्हणाली, तुमच्यासाठी.

मग मला कपडे धुवायचं मशीन शिकवायला बसली. झाकण आधी वरून दाबायचं, मग बटण फिरवायचं. तीनदा करून घेतलं. म्हणाली, नुसतं फिरवत बसून काही होत नाही, डिकीचंही तसंच असेल. मला हसू आलं. म्हटलं, कपड्यांचं मशीन वेगळं, गाडी वेगळी. मेंटेनन्समध्ये असतीस तर कळलं असतं.

ती पण हसली. नीट हसली नाही.

१६ मार्च, रविवार

गंज सोडवायचा स्प्रे आणला. अख्खा डबा रिकामा केला. लॉकला काही झालं नाही, मला शिंका सुरू झाल्या.

शेजारचे ड्रायव्हर कुंपणाशी आले. आता तिपाईवरून टोमणा येणार म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. पण त्यांनी विचारलं, वहिनी कशा आहेत. म्हटलं, ठणठणीत. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि धरूनच ठेवला. त्यांनाही पेस्ट लागली. पुसलीसुद्धा नाही. वय झालं त्यांचं.

शेरा: निरीक्षणाखाली. (लॉक.)

१८ मार्च, मंगळवार

ही म्हणाली, गुरुवारी सकाळी बहिणीबरोबर जायचंय, चार-पाच दिवस लागतील. तुम्ही येता का? म्हटलं, गुरुवार डिकीसाठी राखून ठेवलाय. अंतिम प्रयत्न. हिने पुन्हा विचारलं, नक्की ना?

नक्की, म्हटलं. कुठे जायचंय ते मी विचारलं नाही. बहिणी-बहिणींच्या मध्ये आपण कशाला?

२० मार्च, गुरुवार. सकाळी ९.३०

साडेसहाला मेहुणीची गाडी आली. हिने लहान बॅग घेतली. घरात घालायच्या चपला घेतल्या. जाताना दारातून परत आली आणि म्हणाली, दूध तापवून ठेवलंय.

ही गेल्यावर कपाटात हिची कानातली दिसली. लग्नापासून कानांतून उतरली नव्हती. बहिणीकडे जाताना कोणी कानातली काढून ठेवतं का?

पुढे विचार केला नाही. लॉककडे वळतो. आजचा संकल्प पक्का.

त्याच दिवशी. सकाळी ११.०५

उघडली.

कशी, ते लिहून ठेवतो. दीड तास झटून कंबर गेली म्हणून डिकीवरच बसलो. माझ्या वजनाने झाकण दबलं. हात मागे किल्लीवर होता, तो सहज फिरला. खट्. म्हणजे आत कोंबलेलं जाड कव्हर झाकणाला खालून रेटत होतं आणि खटका त्या ताणाने अडकून बसत होता. तेल, शिसं, स्प्रे, कशाचा काही संबंध नव्हता. झाकण दाबायचं, मग फिरवायचं. एवढंच होतं.

आत कव्हर. रेनकोट. पाकीट नाही. पाकिटाच्या जागी हिच्या बेतायच्या कागदाचा तुकडा. जसाच्या तसा उतरवतो:

'अहो, सहा तारखेलाच मी डिकी उघडली. झाकण दाबायचं, मग किल्ली. रिपोर्ट चांगला नाही. डॉक्टरांना दाखवलाय. गुरुवारी नऊला ऑपरेशन. मीच सांगणार होते. पण रोज वाटायचं, आज तुम्ही उघडाल आणि मला विचाराल. यायचं असलं तर या.'

खाली हॉस्पिटलचं नाव आणि मजला.

आता अकरा वाजून गेलेत.

संध्याकाळी ४.२०. हॉस्पिटल, तिसरा मजला

डिकी लावायची राहिली. वाटभर झाकण आपटत होतं. रेनकोट कुठेतरी पडला.

मेहुणीने बाकावरची बॅग उचलली नाही. मी उभाच आहे. वही भिंतीला टेकवून लिहितो आहे.

मघाशी डॉक्टर बाहेर आले. म्हणाले, जेवढं काढता आलं तेवढं काढलंय, पण पसरलंय. मग विचारलं, गाठ ऑक्टोबरात कळली होती ना, मग इतके दिवस काय केलंत? मेहुणी माझ्याकडे बघत होती. माझी बोटं अजून काळी आहेत. मी हात खिशात घातले.

मला भीती वाटत होती. लॅबवाल्याने भलत्याच कागदावर शिक्का मारला तेव्हापासून. छे, ऑक्टोबरपासून. डिकी उघडली नाही तेव्हा मला बरं वाटलं होतं. हे मी इथेसुद्धा लिहिलं नव्हतं.

आत सोडत नाहीत. काचेतून पाय तेवढे दिसतात. चादरीखाली एकदाही हलले नाहीत.

सिस्टर दाराशी उभी राहून फाइलमध्ये काहीतरी लिहीत होती. मी विचारलं, कशी आहे. मान वर न करता ती म्हणाली, निरीक्षणाखाली आहेत.

म्हटलं, म्हणजे काय? म्हणाली, म्हणजे आत्ता काही सांगता येत नाही, तुम्ही बसा.

मी बसलो नाही. दर पाच मिनिटांनी जाऊन विचारतो आहे.