आईच्या खोलीची नवी खिडकी

बंधुराज,

आईला गाडी करून माझ्याकडे घेऊन चाललेय. किल्ली शेजारच्या काकूंकडे आहे. भाजी फ्रिजमध्ये आहे, गरम करून घेण्याची तसदी घ्यावी.

तुझ्या सागवानी खिडक्या पाहिल्या. रस्त्यावरून घर अगदी राजवाडा वाटतं, आणि तू त्या रस्त्यावर उभं राहूनच निवडल्यास हेही कळतं. जुनी चौकट उखडली तर बाहेरचा ताजा रंग जाईल, म्हणून तिच्या पोटातच नवी जाडजूड चौकट ठोकून घेतलीस. काच उरली हातरुमालाएवढी. अति शहाणा त्याचा बैल रिकामा!

आईने तोंडावर "छान झाली हो" म्हटलं आणि तू फुगलास. तुझी पाठ वळल्यावर ती उशीवर उशी रचून मान उंच करत होती, कारण पडल्या पडल्या तिला आता लाकडाशिवाय काही दिसत नाही. तिला अंथरुणातून उठता येत नाही, हे तरी लक्षात आहे ना? की त्यावरही पॉलिश मारलंस?

खिडकी बदलेपर्यंत ती माझ्याकडेच राहील. फोन करून मला सागवानाचं कौतुक ऐकवू नकोस. त्यापेक्षा तिच्या पलंगावर आडवा हो आणि फाटक दिसतं का बघ.

रोज संध्याकाळी ती तिकडे डोळे लावून असायची. तुला काय वाटलं, रहदारी बघते? तू फाटकातून आत आलेला दिसल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता, गाढवा.

ताई