अर्धी राहिलेली पोथी

सोलापूर, ता. १४ ऑगस्ट १९३४

तीर्थस्वरूप वन्सं यांचे सेवेशी, दुर्गेचा शि. सा. नमस्कार वि. वि.

आपण दुधनीहून पाठवलेली तूरडाळ व शेंगा पोचल्या. स्टेशनावरून टांग्याला तीन आणे पडले. दोनात भागलं असतं, पण आपले बंधू टांगेवाल्याकडे त्याचा मुलगा शाळेत का नाही याचा खुलासा मागत बसले. मग घासाघीस कोण करणार?

शाळाखात्यातल्या डिपोटीच्या, शाळा तपासायच्या जागेवरून पेन्शनीत आल्यापासून हे असंच. नोकरी सुटली, तपासणी सुटत नाही. फोडणी टाकली की मागे येऊन उभे. श्रावणात दत्ताच्या देवळात बायकांना पोथी वाचून दाखवावी, असं मीच सुचवलं. म्हटलं, दुपारचं घर तरी मोकळं. तर तिथंही अध्याय संपला की परीक्षा. शेवटी फुलं विकणारी काशम्मा उठून म्हणाली की, आमी देवाचं नाव ऐकाया येतो, परीक्षा द्याया न्हाय. दुसऱ्या दिवशी देवळात हे आणि पुजारी, दोघंच.

तेव्हापासून पोथीला हात लावत नाहीत. एक पोळी खातात. आपला आता कुणाला उपयोग नाही, असं परवा भिंतीकडे बघून म्हणाले. त्यात पोथी अर्धी टाकू नये, हे आपण जाणताच. माझा जीव टांगणीला लागला आहे. यांना महिनाभर दुधनीला बोलावून घ्यावं.

आपली कृपा आहे, म्हणून एवढं लिहिलं.
आपली, दुर्गा

दुधनी, ता. १९ ऑगस्ट

चि. सौ. दुर्गेस अनेक आशीर्वाद.

सिद्धप्पा मास्तरांकडून लिहवून घेते आहे, म्हणून मनासारखं रागावता येत नाही. चिंतामणीला इकडे पाठवू नकोस. मागच्या खेपेला त्यानं गोठा तपासला, तर म्हशीनं दोन दिवस पान्हा चोरला.

लग्न होऊन आलीस तेव्हा तुला सही येत नव्हती. मॅट्रिक झालीस ती कुणाच्या शिकवण्यानं? तेव्हा तो तुझ्यापुढं उभा राहत नसे, चुलीपाशी शेजारी बसे. मी दारातून बघत असे.

उरलेली पोथी तू वाच. त्याला खाली बसून ऐकू दे.

तुम्हा दोघांवर माझी माया आहेच.
अक्का

सोलापूर, ता. ३ सप्टेंबर

ती. वन्सं यांस शि. सा. नमस्कार वि. वि.

सांगितल्याप्रमाणे पोथी मी वाचायला घेतली. बायका परतल्या. हे सर्वांच्या मागे बसले. पोथीतल्या जुन्या शब्दाला मी अडले की खोकत. एकदा काशम्मानं मागे वळून विचारलं की, बाईंना तुमीच शिकवलं व्हय? मग मला बी शिकवा की.

झालं. आता रोज दुपारी आमची ओसरी भरते. पेन्सिली करकरतात, माझ्या डोळ्याला डोळा लागायची सोय नाही. वाळत घातलेल्या सांडग्यांवर कुणीतरी पाटी ठेवली. ताट वाढून तीनदा हाका माराव्या लागतात आणि आले की पाच पोळ्या. गहू महिनाअखेरपर्यंत पुरायचा नाही. काल तर काशम्माच म्हणाली की, डिपोटीसाहेब, आमची परीक्षा कवा? हे चष्मा पुसत राहिले.

आपलं पत्र मी यांना वाचून दाखवलं. मी दारातून बघत असे, या ओळीवर मला थांबवलं आणि तेवढं पुन्हा वाचायला सांगितलं. मग टोपी घालून बाहेर पडले, ते नवी पाटी घेऊन आले. घरात पाट्यांचा ढीग असताना आणखी एक कशाला, म्हणून मी रागावले. अक्काची, म्हणाले.

समाप्ती अमावास्येला आहे. त्याआधी राहायलाच यावं. निदान जेवायला तरी हे आपल्या धाकानं वेळेवर येतील.

मोठेपणानं आपली माया आम्हांवर आहे, तीच पुढंही लाभावी. उलट टपाली कळवावं. सिद्धप्पा मास्तरांना त्रास देऊ नये. कार्डावर नुसती एक रेघ ओढली, तरी येता असं समजू.

आपली, दुर्गा