पेस्ट दातांना, नळ भाजल्याला

आजी,

आज मी जिंकले! मधल्या सुट्टीत पहिलीतल्या विल्मेरच्या हातावर मक्याचं उकळतं आतोल सांडलं. मोठ्या बाई टूथपेस्ट घेऊन धावत आल्या, अगदी तुझ्यासारख्या. मी मध्येच आडवी आले. म्हटलं, "बाई, पेस्ट दातांना. भाजल्यावर नळ!" आणि त्याचा हात नळाखाली धरूनच ठेवला. तो माझ्या नावानं बोंबलत होता, बाईही. मग दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई आल्या. म्हणाल्या, "या पोरीनं बरोब्बर केलं."

आता त्याच मोठ्या बाईंनी मला पालकांपुढे बोलायला बोलावलंय, म्हणून पळतेय. चुलीवरचा घेवडा उतरव आणि तूही ये. पुढेच बस. तुझ्या पेस्टनं माझ्या कोपरावर राहिलेल्या डागाबद्दल मी चकार शब्द काढणार नाही.

तुझी मार्लेनी