अण्णांचा सैल बोल्ट

अण्णा,

गाडी थरथरते म्हटलं की लेक गॅरेज बंद ठेवून धावत येते, तेव्हा या दुखण्यात नफा कोणाचा हे उघड आहे. तुम्ही झोपलात म्हणून लिहून निघतेय.

गाडी उभी ठेवून न्यूट्रलमध्ये रेस केली तरी स्टिअरिंग थरथरत होतं. म्हणजे दोष चाकांत नव्हता. खाली पाहिलं, तर इंजिन ज्या रबरावर बसतं त्याचा बोल्ट सैल, आणि त्याच्या गंजावर पान्याची ताजी खूण. शेजारचे काका म्हणालेच, "रविवारी तुझे वडील गाडीखाली आडवे दिसले, मला वाटलं आटोपलं."

बोल्ट आवळलाय. आता त्याला हात लावू नका, एखाद दिवशी घाटात जिवावर बेतेल. आठवण आली तर फोनवर तेवढंच सांगा, मला दुसरं कारण लागत नाही.

गाडीच्या मागच्या दाराच्या आतल्या पत्र्याची क्लिप तुटलीय, म्हणून आत खडखडतं. धोका नाही. नवी क्लिप माझ्या पेटीत होती, पण लावली नाही. पुढच्या महिन्यात येऊन लावते. तोवर खडखड तुम्ही सोसा, माझ्या खोलीतली शांतता मी सोसते.