नाना, मी पोहायला शिकले

प्रिय नाना,

वर्षश्राद्धालाच तुम्हाला लिहायचं होतं. कागद घेऊन बसलेही होते. पण ‘तुमची फार आठवण येते’ याच्यापुढे काही सुचेना, आणि असलं रडकं पत्र तुम्ही अर्ध्यातच टाकून दिलं असतंत. आज मात्र सांगण्यासारखं घडलंय. आज सकाळी, आपला ओढा जिथं धरणाला मिळतो तिथं मी पाण्यात उतरले आणि पोहत पलीकडच्या काठाला लागले. हो, मीच! तुमची सुनंदा, जिला गुडघाभर पाण्यातही घेरी यायची.

आई तुम्हाला ‘सुटलेलं वासरू’ म्हणायची. खोटं काय होतं त्यात? भाजी भरून भोरच्या बाजाराला निघालेला तुमचा टेम्पो वाटेत जांभळाखाली उभा दिसायचा, आणि तुम्ही झाडावर. एकदा ऐन लग्नसराईत, टेम्पोला चहूकडून मागणी असताना, तुम्ही ‘आलोच’ म्हणून बाहेर पडलात आणि वरंध घाट उतरून थेट समुद्र बघायला गेलात. परत आलात ते सुक्या बोंबलांचं पोतं आणि एक अनोळखी पाहुणा घेऊन! आईनं आधी तुमच्याशी भांडण केलं, मग पाहुण्याला ताट वाढलं. साठी उलटल्यावर माझ्या भोरच्या शिवणाच्या दुकानात येऊन लालभडक शर्ट शिवून मागितलात. मी म्हटलं, “नाना, लोक हसतील.”

“हसू दे की,” तुम्ही म्हणालात, “तेवढीच फुकाट करमणूक त्यांची.”

पण तुमचा खरा जीव पाण्यात. रोज सकाळी धरणात उतरायचात, टोपी पोटावर ठेवून, ती न भिजवता उताणे तरंगत गाणी म्हणायचात, आणि काठावरच्या म्हशी माना वर करून तुमच्याकडे बघायच्या. दादाला तुम्ही पोहायला शिकवलंत. गावातल्या सगळ्या पोरांना शिकवलंत. मला नाही.

याचं कारण मी तुम्हाला एकदाच विचारलं, आठवतं? माझी सई मे महिन्याच्या सुट्टीत तुमच्याकडे राहायला आली होती. नातीच्या पाठीला तुम्ही रिकामा कॅन बांधलात, आईच्या जुन्या लुगड्याच्या पट्टीनं, आणि घेऊन गेलात तिला खोल पाण्यात. मी काठावर उभी होते. ती पाय मारत होती, खिदळत होती, आणि आनंद व्हायच्या ऐवजी मला तिचा हेवा वाटला. तुम्ही वर आल्यावर म्हटलं, “नाना, मला का नाही शिकवलंत?”

तुम्ही टोपी काढून उगाचच झटकलीत. मग म्हणालात, “तुजी आई म्हणली, पोरीच्या जातीनं पाण्यात लोळायचं न्हाई. म्या ऐकलं. जल्मात येकदाच कुणाचं ऐकलं बग, आन् तेबी नेमकं चुकीचं!”

तुम्ही हसलात, मीही हसले. पण भोरला परतताना एसटीत मला तुमचा राग आला होता. सगळ्या जगाचं बोलणं वाऱ्यावर सोडणारा माणूस. त्यानं माझ्याच वेळेला का ऐकावं?

तो राग पुरता निवायच्या आत तुम्ही गेलात. दुपारी जेवून ओसरीवर आडवे झालात ते उठलाच नाहीत. त्या खेपेला ‘आलोच’सुद्धा म्हणाला नाहीत! असं करतात का?

तुम्ही गेल्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात सई कॅन घेऊन अंगणात आली, तर दादानं तो तिच्या हातातून काढून घेतला. “आता नाना न्हाईत. पोर मोटी झाली. कुणी बगायचं तिच्याकडं?” आईनं मान डोलावली. मी दादाशी भांडले, पण तुमच्यामागं त्या घरात माझ्या बाजूनं बोलणारं कुणी उरलं नव्हतं. तुमच्या हाताखाली कॅन सोडूनही पोहू लागलेली सई सुट्टीभर ओसरीवर बसून धरणाकडे बघत राहिली.

मग नवरात्र आलं. घट बसायच्या आधी घरातल्या झाडून सगळ्या गोधड्या धुवायच्या, म्हणून मी आणि सई आईच्या मदतीला गेलो. धरण काठोकाठ भरलेलं. गावच्या बाया घाटावर जमल्या होत्या. शेजारच्या शेवंताकाकू होत्या, त्यांची नवी सून मनीषाही होती. तिचं माहेर बारामतीच्या जिरायती पट्ट्यातलं. एवढं पाणी तिनं लग्नाआधी कधी पाहिलंच नव्हतं.

तिच्या हातातून एक गोधडी सुटली आणि वाहत पुढे गेली. सासूची गोधडी हो! ती धरायला मनीषा दोन पावलं पुढे गेली, शेवाळलेल्या दगडावरून तिचा पाय सटकला, आणि ती दिसेनाशीच झाली. पुन्हा वर आली ती हात झाडत. नाना, त्या घाटावर केवढ्या बाया होत्या! जन्म पाण्याकाठी गेलेल्या. एकीलाही पोहता येत नव्हतं. आम्ही फक्त ओरडत होतो. मी कमरेपर्यंत आत गेले, आणि पुढचं पाऊल टाकलं असतं तर दोघी गेलो असतो.

सईनं ओरडण्यात वेळ घालवला नाही. प्यायच्या पाण्याचा मोठा कॅन आम्ही बरोबर नेला होता. तिनं तो उपडा केला, बूच घट्ट लावलं आणि तो पुढे ढकलत पोहत गेली. मनीषानं तिला धरायला हात टाकला तशी ती मागे सरली आणि ओरडली, “मला नको धरू, वहिनी! कॅन धर, कॅन!” बुडणाऱ्याच्या मिठीत जायचं नाही, त्याच्या हातात वस्तू द्यायची. तुम्हीच शिकवलेलं हे. मनीषानं कॅन छातीशी कवटाळला, सईनं मागून ढकलला, आणि आम्ही धुण्यातल्या साड्या एकमेकींना बांधून फेकल्या. काठाला लागल्यावर मनीषानं पाणी ओकलं आणि पहिलं काय बोलली असेल? “आत्याबाई, गोधडी गेली.”

शेवंताकाकूंनी तिला पोटाशी धरलं. “मरू दे ती गोधडी!” म्हणाल्या, आणि मोठ्यानं रडायला लागल्या.

गावानं सईचं कौतुक केलं. देवळात बैठक बसवून तिला नारळ दिला. आणि त्याच बैठकीत काय ठरवायला निघाले ठाऊक आहे? बायांनी आणि पोरींनी इथून पुढे धरणाकडे फिरकायचंच नाही! दादाही त्यात होता. मला राहवेना. मी उठले.

“मग गोधड्या कोण धुणार? तुम्ही?” मागं बसलेल्या बाया हसल्या. “उन्हाळ्यात नळ कोरडे पडतात तेव्हा पाणी कुठून आणायचं? पोर विहिरीत पडलं म्हणून विहीर बुजवता का? पोराला पोहायला शिकवता. मग आम्हालाच काठावर का ठेवता?”

कुणीतरी पुटपुटलं, “नानाची लेक हाय. बोलणारच.”

नाना, आजवर मला इतका मोठा मान कुणी दिला नव्हता.

“व्हय, नानाची लेक हाय,” मी म्हटलं. “आन् होळी झाली की मी पोहायला शिकणार हाय. ज्यांना यायचं त्यांनी या.”

बोलून तर बसले. सेहेचाळिसाव्या वर्षी पोहायला शिकायचं म्हणजे थट्टा आहे का? अडचणी काही कमी नव्हत्या. बाया म्हणाल्या, साडीत पोहता येत नाही आणि पोरांसारखे कपडे घालवत नाहीत. मी दुकान बंद करून बसले आणि पटकन वाळणाऱ्या कापडाचे गुडघ्यापर्यंतचे झगे आणि विजारी शिवल्या, पाण्यात फुगू नयेत अशा बेतानं. आमचे हे काज-बटणं करायला बसले. पहिला झगा मनीषाचा. तिला शेवंताकाकूंनी स्वतः पाठवलं होतं.

शिकवायला सई. काय हुकूम सोडते हो कार्टी! “आई, पाण्याशी कुस्ती खेळू नकोस. अंग ढिलं सोड. पाणी उचलतं.” शब्द तुमचे, दरारा तिचा. मी नाकातोंडात पाणी घेतलं, सईला शिव्या दिल्या, तुम्हालाही दिल्या. एका रविवारी इतकी घाबरले की काठावर येऊन म्हटलं, आपल्याच्यानं नाही व्हायचं. तेवढ्यात मनीषा पुन्हा आत उतरताना दिसली. ज्या पाण्यानं तिला ओढून नेलं होतं, त्याच पाण्यात! मग मला बसवेना.

दादाचं सांगायचं राहिलं. तो कितीतरी दिवस माझ्याशी बोलला नाही. एक दिवस टेम्पो काठाशी थांबवला, हवा भरलेल्या चाकाच्या ट्यूबा खाली टाकल्या आणि निघून गेला. पुढच्या रविवारी आला तो लांब काठी घेऊन. गाळ कुठं आहे, कपार कुठं आहे, सगळं चाचपून खुंट्या ठोकून गेला. या खुंट्यांच्या पुढे जायचं नाही, एवढंच म्हणाला. तुमचाच मुलगा तो, शेवटी.

आणि आई! ती दर रविवारी काठावर हातात काठी घेऊन बसते. रिकामटेकडी पोरं बघायला आली की ओरडते, “काय रं, तुमच्या आया पोहत्यात ते बगाय आलासा व्हय?” पोरं पळतात. गेल्या महिन्यात मी कॅन सोडून पहिल्यांदा मोकळी तरंगले, तेव्हा ती उठून उभी राहिली. बाहेर आल्यावर पदरानं माझं डोकं पुसलं आणि म्हणाली, “मला भ्या वाटायचं गं. माजी बहीण गेली व्हती वड्याच्या पुरात. तुज्या बापाला म्या कदी सांगितलं न्हाई.”

तुम्हाला हे ठाऊक नव्हतं ना नाना? मग तुमच्यावरचा राग मी आता सोडते. आईवरचाही.

आज पलीकडे पोचले तेव्हा खडकावर हात टेकून धापा टाकत होते. मागून मनीषा येत होती, सई आम्हा दोघींच्या मधून फिरत होती, आणि अलीकडच्या काठावरून आई काहीतरी ओरडत होती. ऐकू आलं नाही. तुम्ही हवे होतात हो. फक्त पाच मिनिटं. मी दम खाऊन पोहत परतही आले, हे तुम्ही बघायला हवं होतं.

आता माझा शब्द ऐका. दर उन्हाळ्यात मी इथं येणार. कुणी नावं ठेवोत, कुणी बैठका बसवोत. गावात नवी सून आली की सत्यनारायण झाल्यावर पहिल्याच रविवारी मी तिच्या सासूच्या दारात उभी राहीन आणि सुनेला पाण्यावर घेऊन जाईन. नाही म्हणणारी सासू भेटली, तर सासूलाही नेईन. आपल्या गावच्या घाटावर यापुढे कुणी बाई नुसती ओरडत उभी राहणार नाही.

पुढच्या आठवड्यात पाटलांच्या घरी लग्न आहे. पोरगी फलटणकडची आहे म्हणतात. अंदाजानंच तिच्या मापाचा झगा बेतायला घेतलाय.

तुमची लेक,
सुनंदा