जुन्या बाटलीचा आकडा

दि. ४ मार्च

ती. बाबांस,
भिंगरीचा सा. न. वि. वि.

तुमचा खोकला कमी झाल्याचं आईने कळवलं, बरं वाटलं. इथे मात्र भलतंच घडलं.

आमच्या व्हिनेगरच्या कारखान्यात पाणी मिसळणारे काका आहेत ना, मी आम्लता तपासून सांगितलेला आकडा डोळे झाकून मानणारे, त्यांना मालकांनी काढून टाकलं. आमच्या व्हिनेगरात मुरवलेल्या काकड्यांच्या चारशे बरण्यांना, व्हिनेगर पातळ पडल्यामुळे, बुरशी आली. माझ्या वहीत आम्लता बरोबर होती, म्हणजे तपासणीनंतर काकांनीच पाणी वाढवलं असणार, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. काका एवढंच म्हणाले, "पोरीच्या आकड्यापुढे मी थेंबही घातला नाही." बावीस वर्षांची नोकरी हो!

काल मी कॉस्टिक सोड्याचं ताजं द्रावण केलं आणि राखून ठेवलेला नमुना पुन्हा तपासला. सोडा थेंबथेंब घालत गेले, तर आम्ल संपल्याची खूण असलेला गुलाबी रंग नेहमीपेक्षा कितीतरी आधी टिकला. म्हणजे जुन्या बाटलीचं बूच सैल, त्यात हवा लागून सोडाच कमजोर पडला होता. तो जास्त लागायचा आणि मला वाटायचं, व्हिनेगर कडक आहे. वर मीच काकांना सांगायचे, अजून पाणी घाला. हे अजून कुणालाच ठाऊक नाही. काय करू?

तुमची,
भिंगरी


दि. ९ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. ती बाटली मोरीत ओत आणि गप्प बस. झाकली मूठ सव्वा लाखाची. बदनाम झालीस तर दुसरीकडे कोण उभं करील?

खरं सांगू, चूक माझी आहे. कॉलेजच्या प्रयोगशाळेत साहाय्यक असताना मी वर्षाच्या सुरुवातीला सोड्याची एकच मोठी बाटली भरायचो आणि संपेपर्यंत चालवायचो. सुट्टीत तूही माझ्याच हाताखाली शिकलीस. एका वर्षी एका विद्यार्थ्याचं उत्तर सगळ्यांपेक्षा वेगळं आलं. बाटलीच आधी तपासली म्हणाला. मी हसून सरांना सांगितलं, हा लेबलपेक्षा शहाणा निघालाय. सरांचं उत्तरही त्याच बाटलीचं लेबल खरं धरून काढलेलं. तो नापास झाला. बरोबर तोच होता, हे आज तुझ्या पत्राने कळलं. माझ्या हलगर्जीपणाची शिक्षा तुला नको.

माया आहे तशीच आहे.
बाबा


दि. १७ मार्च

ती. बाबांस,
सा. न.

रागावू नका. तुमचं पत्र पोचायच्या आधीच मनाचा हिय्या करून मी बाटली मालकांच्या टेबलावर ठेवली होती. ते काय काय बोलले ते लिहीत नाही. मला ठेवलंय, पण वहीत माझ्या सहीखाली आता त्यांची सही लागते.

काकांना परत कामावर बोलवायला मीच त्यांच्या घरी गेले. काकूंनी पाणी दिलं आणि आत निघून गेल्या. काका परवा कामावर आले. मी आकडा सांगितला. त्यांनी नळ उघडला नाही. मग म्हणाले, "पुन्हा एकदा कर." द्रावण ताजं होतं, तरी केलं. आता रोज दोनदा करते.

बाबा, त्या विद्यार्थ्याचा पत्ता कॉलेजात मिळेल का? पत्र तुम्हीच लिहायला हवं. सुचलं नाही, तर पहिली ओळ मी लिहून देते.

लोभ कमी करू नका.
भिंगरी