लोखंडाची सवत

४ मार्च, मंगळवार
आला! दाराची चौकट खरवडत का होईना, भंगारवाल्याकडून घेतलेला लेथ – सळई फिरवून कातायचं यंत्र – मागच्या खोलीत आला. ही कमरेवर हात ठेवून उभी – "ह्या वयात सवत आणलीत? तीही लोखंडाची, तीही दात पडलेली?"
खोटं नाही. एका चाकाचे दात गायब, हँडल नाही. आणि मागचा ठोकळाच नाही – सळईचं दुसरं टोक ज्याच्यावर टेकतं तो. त्याच्यावाचून सळई नुसती थरथरते.
सूनबाईचा निकाल – "महिनाअखेरीला मुक्कामाला पाहुणे येणार. तोवर फिरला तर राहू दे, जागेचं बघू. नाही तर भंगार." कोण पाहुणे? सांगेना.

९ मार्च, रविवार
सायकली दुरुस्त करण्यात जन्म गेला, तो कामी आला. हँडल पेडलच्या दांड्याचं. पडलेल्या दातांच्या जागी भोकं पाडून स्क्रू पिळले, कानशीने घासून दात केले. हिला दाखवले. "मलाही असेच बसवून द्या," म्हणाली!

१२ मार्च, बुधवार
ठोकळ्याचा पत्ता लागला! भंगारवाल्याने तो आमच्या व्याह्यांनाच विकलाय. हा घड्याळजी माणूस त्याने दार अडवतो – वाऱ्याने आपटू नये म्हणून! मागितला. "तुमच्या त्या हत्तीसाठी? छे!" म्हटलं, बदल्यात दगड देतो. "दगड तुमच्याकडे आहे, ठाऊक आहे," म्हणाले आणि माझ्या डोक्याकडे पाहिलं.
विहीणबाई गेल्यापासून एकटेच असतात. म्हणून त्यांच्या जिभेला माझ्याकडून सूट.

१६ मार्च, रविवार
चोरी केली. हो, केली! व्याही चहा टाकायला आत गेले; ठोकळा पिशवीत, वर कोबी, दाराला वीट.
"लगेच निघालात?"
"पाठ धरलीय हो."
पिशवीच्या वजनाने खरंच धरली होती.

१७ मार्च, सोमवार
घात! मागचं टोक पुढच्यापेक्षा अंगठाभर खाली. लाकडाची फळी सारली, बटण दाबलं – सळई सुटली ती थेट सूनबाईच्या बादलीवर! बादलीला पोचा.  

२५ मार्च, मंगळवार
कपाळ बडवून घेतलं. ठोकळ्याला खाली वेगळा पाया असतो! मधले बोल्ट कधीच गेलेले, म्हणून उचलताना वरचा तेवढा हातात आला. पाया व्याह्यांच्या दारातच, पायपुसण्याखाली. आता मागायचा म्हणजे चोरी कबूल करायची. न मागावा, तर भंगारवाला सोमवारी येतोय – सूनबाईने सांगून ठेवलंय. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात ग्रहण लागलंय.

२९ मार्च, शनिवार
दोनदा त्यांच्या गल्लीपर्यंत जाऊन परत आलो. लाज!

३१ मार्च, सोमवार
सकाळी व्याही दारात. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात कागदात गुंडाळलेला पाया. "चोर बरेच पाहिले, अर्धाच माल नेणारा पहिलाच!"
बसवला. टोकाला टोक भिडलं. सळई फिरली – सरळ, गुपचूप, लोण्यासारखी!
मी हर्षाने ओरडलो, "सूनबाई, आता येऊ देत तुझे पाहुणे!"
तिने वडिलांची बॅग उचलली आणि मागच्या खोलीत नेऊन ठेवली. "आले की. आता कायमचे इथेच."
व्याही खाली मान घालून खाटेची जागा पावलांनी मोजत होते. लेथच्या कडेने.
तेवढ्यात भंगारवाल्याची हाक. मी उठायच्या आत व्याहीच दारात गेले – "पुढे जा बाबा. ह्या घरात जुनं काही नाही!"